मुखवटा नवा, सांगाडा तोच

पिंप्राळ्याचा रथ आषाढी एकादशीला दरवर्षी नव्या साजात निघतो. भाविकांची नजर सजावटीवर खिळते. परंतु रथ सुखरूप परततो तो चाकांना मोगरी लावणाऱ्यांच्या दक्षतेमुळे. मोटारगाडी घेताना मात्र हा विवेक मध्यमवर्गीय ग्राहकाला सहसा राहत नाही.

एकेकाळी गाडी बदलतच नसे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ साली फियाट अकराशे डिलाइट तयार होऊ लागली. पुढे १९७४ मध्ये तिची प्रीमियर पद्मिनी झाली. नाव बदलले, सांगाडा मात्र शतक संपेपर्यंत तोच राहिला. ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत तिष्ठत असताना कारखानदाराने सुधारणेची तसदी का घ्यावी? आज दुसरे टोक गाठले गेले आहे. कौटुंबिक सेडान बाजारात येऊन तीन-चार वर्षे होतात न होतात, तोच जाळी, दिवे आणि बंपर बदलून ती ‘नवी’ म्हणून पुढे केली जाते. सांगाड्याचे साचे बदलणे अतिशय खर्चाचे, बंपर बदलणे त्यामानाने स्वस्त. व्यापार म्हणून यात गैर काही नाही.

प्रश्न असा की, या फेररचनेतून कुटुंबाच्या पदरात काय पडते? होंडा सिटीची पाचवी पिढी २०२० मध्ये आली. मार्च २०२३ च्या फेररचनेत तिचे रूप थोडे बदलले. परंतु त्याबरोबरच, धोका ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, जी तोवर महागड्या हायब्रिड गाडीतच होती, ती पेट्रोल गाडीतही आली. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होती. मात्र पेट्रोलच्या सर्वांत स्वस्त प्रतीला ती लाभली नाही. आणि कर्ज काढणारा शिक्षक वा कारकून बहुधा तीच प्रत घेतो. चेहरा सर्वांना सारखा, संरक्षण मात्र ऐपतीप्रमाणे, हा न्याय कोणता?

१ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही टकरीच्या चाचणीची योजना सुरू झाली. पण ती ऐच्छिक ठेवण्यात आली. जी गाडी नवी म्हणून विकली जाते, तिची चाचणीही नव्याने व्हावी, निकाल विक्रीदालनात ठळक लावला जावा आणि जीवरक्षक साधने प्रत्येक प्रतीत असावीत, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. तोवर ग्राहकानेही दिव्यांची ऐट पाहण्याआधी सांगाड्याची चौकशी करावी. जळगावहून धुळ्याकडे सहकुटुंब निघालेल्या गाडीसमोर ट्रक अकस्मात आडवा आला, तर नवी जाळी कामी येत नाही. तेथे मोगरीच लागते.