दोष वाचकांच्या माथी नको



डिजिटल ग्रंथालये ओस पडली, कारण आपल्याकडे वाचनाची आवडच उरली नाही, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष मला पटत नाही. वाचकाला पुस्तक सापडतच नसेल, तर तो वाचणार काय?

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया प्रकल्पाचेच उदाहरण घ्या. त्यात हजारो मराठी पुस्तके स्कॅन झाली, पण अनेकांची नोंद रोमन लिपीत, तीही अशुद्ध स्पेलिंगने झाली. 'आपटे' असे देवनागरीत टंकणाऱ्याला हरिभाऊंची कादंबरी त्यात मिळणार कशी होती? शिवाय पाने नुसत्या चित्ररूपात असल्याने आतला एकही शब्द शोधता येत नसे.

दुसरी अडचण कायद्याची. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क अबाधित राहतात. ना. सी. फडके 1978 मध्ये गेले, म्हणजे त्यांचे लेखन 2038 अखेरपर्यंत परवानगीशिवाय खुले करता येणार नाही. साहजिकच मोफत मिळते ते बहुतांशी जुने साहित्य.

तिसरी गोष्ट माणसांची. 2018 मध्ये राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय देशाला खुले झाले, पण गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात ते वाचकाला उघडून दाखवणार कोण? तिथला ग्रंथपाल तुटपुंज्या अनुदानावर राबतो.

देवनागरीत शुद्ध नोंदी, हक्कधारकांशी रीतसर करार आणि ग्रंथपालांना प्रशिक्षण व योग्य वेतन, एवढे आधी करा. वाचनाच्या आवडीबद्दलचा निवाडा त्यानंतरच द्यावा.

— एक वाचक, सातारा