वृषभरंगणातील सेगी

संपाची हाक देणारे पुढारी पुष्कळ असतात. संप ऐन भरात असताना 'आता कामावर चला' असे जमावाच्या तोंडावर सांगण्याची छाती फार थोड्यांची. बार्सिलोनाचा साल्वादोर सेगी हा त्या थोड्यांपैकी.

सेगी हा घरे रंगवणारा रंगारी. शिक्षण बेताचेच. मित्रमंडळी त्याला 'साखरेचा पोर' म्हणत. राज्यसंस्थाच नको, असे मानणाऱ्या अराज्यवाद्यांपैकी तो. त्याचा मार्ग आपला नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. तरीही १९१६ आणि १९२० या दोन्ही वर्षी समाजवाद्यांच्या कामगार संघटनेशी झालेल्या करारांवर त्याची सही होती. एका उद्योगातील सर्व कामगारांची एकच संघटना, हा निर्णय १९१८ च्या सान्त्स परिषदेत झाला, त्यातही त्याचा वाटा मोठा होता.

कसोटी लगेच लागली. फेब्रुवारी १९१९ मध्ये शहराला वीज पुरवणाऱ्या विदेशी कंपनीने (लोक तिला 'कॅनडावाली' म्हणत) संघटना बांधू पाहणाऱ्या आठ कारकुनांना काढून टाकले. सहकाऱ्यांनी लेखण्या खाली ठेवल्या. पुढे वीजच बंद पडली. ट्रॅमगाड्या थांबल्या, कारखाने थांबले. वीज हा सर्व उद्योगांचा कच्चा माल आहे, हे अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. बार्सिलोनाच्या कामगारांनी ते प्रत्यक्ष दाखवून दिले. मुद्रणकामगारांनी संपविरोधी मजकूर जुळवायचे नाकारले. सरकारने कामगारांना लष्करी हुकमतीखाली आणले, तेव्हा सुमारे ३,००० जणांनी मोंजुइकच्या किल्ल्यातील कैद पत्करली.

चव्वेचाळीस दिवसांनी तडजोड झाली: बडतर्फांना परत घेणे, वेतनवाढ, आठ तासांचा दिवस आणि कैद्यांची सुटका. १९ मार्चला लास अरेनासच्या वृषभरंगणात सुमारे २०,००० कामगार जमले. कैदी अद्याप सुटले नव्हते. सभा संतापलेली होती. सेगीने विचारले, कैदी आत्ताच हवे असतील तर मोंजुइकवर चालून जावे लागेल. तयारी आहे का? आणि सभेने कामावर जाण्याचे मान्य केले.

लष्कराने शब्द पाळला नाही. सर्व कैदी सुटले नाहीत, म्हणून २४ मार्चला पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला गेला. सेगी फसला, असे तेव्हाही म्हटले गेले. आम्हाला ते पटत नाही. ३ एप्रिलला आठ तासांचा हुकूमनामा निघाला तो याच लढ्याच्या दबावामुळे. राज्यसंस्था न मानणाऱ्याच्या पदरात सर्वांत मोठा विजय पडला तो राज्यसंस्थेच्याच कायद्याच्या रूपाने. त्याच्या तत्त्वज्ञानात याला जागा नव्हती. ती विसंगती त्याने सोसली, हे त्याचे मोठेपण.

मालकांनी १९१९ अखेर टाळेबंदी केली, मग भाडोत्री बंदुका आल्या. सेगीला नोव्हेंबर १९२० मध्ये खटल्याविनाच मिनोर्का बेटावरील किल्ल्यात डांबले. त्याबद्दल दाद मागायला निघालेले वकील फ्रान्सेस्क लायरेत यांना त्यांच्याच दारात गोळ्या घातल्या गेल्या. १९२२ मध्ये सुटून आल्यावरही खुनाला खुनाने उत्तर देण्यास सेगीचा विरोधच होता. १० मार्च १९२३ रोजी बार्सिलोनाच्या भर रस्त्यात मारेकऱ्यांनी त्याला गाठले. सोबतचा फ्रान्सेस्क कोमास जखमी होऊन काही दिवसांनी गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरात प्रिमो दे रिव्हेराने सत्ता बळकावली. लायरेत यांचा खून झाला तेव्हा बार्सिलोनाचा गव्हर्नर असलेला मार्तीनेस आनिदो पुढे त्या राजवटीचा गृहमंत्री झाला.