गॅस संपलाय, साहेब!

जुन्या वैद्यांना जसं 'पित्त', तसा आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांना 'गॅस'. गाडीचा एसी बंद पडला म्हणा, मंद झाला म्हणा, नुसता कुरकुरला म्हणा, बॉनेट उघडायच्या आत निदान तयार : "गॅस संपलाय, साहेब!"

गेल्या एप्रिलात आईला घेऊन पुण्याहून सोलापूरला निघालो होतो. आई पंच्याऐंशीची. यवत येईपर्यंत गाडीत काश्मीर होतं. पुढे झळा सुरू झाल्या. आईनं पदरानं वारा घेत विचारलं, "मोटारीत बंब बसवलायस का रे?" पाटसला तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं गाडी परत फिरवली.

त्याआधी दोनदा गॅस भरून झाला होता. दर खेपेला अठराशे रुपये. गाडी ताब्यात मिळायची सकाळी, इंजिन थंड असताना. त्यामुळे एसीही चालायचा आणि माझा विश्वासही. तिसऱ्या खेपेला निदान बढतीवर गेलं : "कंप्रेसरच बदला."

अहो, पण गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, जळून संपायला? बंद नळ्यांतून फिरणारा जेमतेम अर्धा किलो ऐवज तो! कमी झाला तर गळला. मग गळती शोधा ना! गळक्या माठात पाणी ओतणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो का?

शेवटी शेजाऱ्यांनी एका म्हाताऱ्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे धाडलं. ते बॉनेटवर कान देऊन उभे राहिले. म्हणाले, "टक् होत नाही." तेव्हा मला कळलं, की पट्टा पुलीला सारखा फिरवतो, पण कंप्रेसर फिरतो तो बटण दाबल्यावरच. कॉईलमध्ये १२ व्होल्ट गेले, की लोहचुंबक होतं, ते समोरची थाळी खेचून पुलीला चिकटवतं. तोच तो टक्.

क्लचची पिन काढून त्यांनी टेस्ट लॅम्प लावला. दिवा लख्ख! "करंट येतोय. म्हणजे फ्यूज, रिले ठीक. गॅस फार कमी असता, तर प्रेशर स्विचनंच करंट तोडला असता." माझ्या छत्तीसशे रुपयांचा निकाल त्या टीचभर दिव्यानं लावला. मग इंजिन बंद करून थाळी आणि पुलीमधल्या फटीत त्यांनी फिलर सरकवला. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी ती फट झिजून जवळजवळ एक झालेली! कॉईल तापली की चुंबकाचा जोर घटतो. एवढ्या लांबून थाळी खेचायची ताकद उरत नाही. त्यांनी आतली एक पातळ शिम काढली, नट आवळला. टक्! तीनशे रुपये.

हे सगळं मी पहिल्या गॅरेजात जाऊन तावातावानं ऐकवलं. मालकानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "बरं झालं, साहेब. आता आलाच आहात, तर थोडा गॅस टॉप-अप करून देऊ?"