भ्यायला कोण, मेला कोण?

एक शब्द सध्या फार चलनात आहे. झेनोफोबिया. पेपरवाले छापतात, प्रोफेसर चघळतात, मंत्री नाकारतात. मराठीत कुणी त्याला परकीयद्वेष म्हणतं, कुणी परकीयभय. द्वेष की भय, हेच ठरत नाही. आणि सगळी गोम तिथंच आहे.

शब्द ग्रीक मुळांचा. झेनोस म्हणजे परका; त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा. फोबोस म्हणजे भीती. म्हणजे झालं काय, की ज्याच्या हातात कुऱ्हाड तो भ्यालेला, आणि ज्याचं झोपडं जळतंय तो भीतीचं कारण. मारणारा पेशंट झाला, मरणारा रोग झाला. वा रे शब्द!

दक्षिण आफ्रिकेत काय घडलं ते बघा. ११ मे २००८ ला जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत टोळ्या बाहेर पडल्या. झिम्बाब्वे, मोझांबिक, मलावीची माणसं हुडकून मारली. रामफोसा नावाच्या झोपडपट्टीत मोझांबिकच्या एका मजुराला जिवंत जाळलं. महिनाअखेर ६२ मुडदे. हजारो माणसं पोलीस ठाण्यांच्या आवारात, चर्चमध्ये, तंबूत.

या माणसांना तिथं एक नाव आहे. मक्वेरेक्वेरे. ज्यांची भाषा कानाला नुसती क्वेरे-क्वेरे लागते ते. ग्रीकांनी असाच बार्बारोस काढला. संस्कृतवाल्यांनी म्लेच्छ काढला, म्हणजे अस्पष्ट बोलणारा. आणि दक्षिणेकडच्या माणसाला यंडुगुंडू म्हणून हसणारे आपणही काही मागं नाही. माणसाची भाषा आधी आवाज करून टाकायची. मग त्याची किंकाळीसुद्धा आवाजच ठरते.

टोळ्या माणूस अडवायच्या, कोपर दाखवायच्या, विचारायच्या, झुलूत याला काय म्हणतात? नाही आलं की मेला. आता हिशेब ऐका. त्या ६२ पैकी २१ दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. कुणी परका समजून गेला, कुणी परक्याशी संसार केला म्हणून गेला, कुणी टोळीत यायला नाही म्हणाला म्हणून. मग परका कोण? पासपोर्ट कुणी बघितला होता? आणि सँडटनच्या बंगल्यात राहणारा गोरा युरोपियन, तो परका नाही का? त्याचं कोपर कुणी विचारलं नाही. म्हणून तिथले काही जण म्हणतात, याला झेनोफोबिया म्हणू नका, आफ्रोफोबिया म्हणा. काळ्यानं काळ्याला, गरिबानं गरिबाला मारलंय. भय्याभीतीनं नव्हे, हातातोंडाच्या गाठीवरून, आणि रंगाची जी उतरंड गोऱ्यानं शिकवली तिच्यावरून.

कारण परकं करण्याची विद्या त्या देशात कुणी आणली? १९७० साली गोऱ्या सरकारनं कायदा केला आणि प्रत्येक काळ्या माणसाला कुठल्या ना कुठल्या बांटुस्तानचा नागरिक ठरवलं. स्वतःच्या मातीत तो परदेशी. पास खिशात नसेल तर जेल. ह्याच पासविरुद्ध उभे राहिले म्हणून २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ माणसं मारली. तो पास १९८६ ला गेला. आणि २००८ ला गल्लीतलं पोर दुसऱ्या काळ्याला कागद मागत उभं राहिलं. मालक गेला, त्याची शिटी मागं राहिली.

यावर सरकार काय म्हणालं? जुलै २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी म्हणाले, हा झेनोफोबिया नव्हे, ही उघड गुन्हेगारी आहे. ही दुसरी चलाखी. गुन्हा म्हटलं की तपास चोरीचा होतो. कुणाला आणि का निवडून मारलं, हा सवालच फायलीतून गायब.

हे लांबचं वाटत असेल तर जवळ या. मार्च २०१७. ग्रेटर नोएडा. एक पोरगा मेला, अफवा उठली, नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घेरून तुडवलं. आफ्रिकी राजदूतांनी एकत्र येऊन म्हटलं, हे वंशद्वेषी आहे. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज लोकसभेत म्हणाल्या, चौकशी संपायच्या आत तसं म्हणू नका. गोव्यात २०१३ साली एका नायजेरियनाचा खून झाला, आणि राज्याचा एक मंत्री नायजेरियनांनाच कॅन्सर म्हणाला. बघा, पुन्हा मेलेलाच रोग!

आम्हाला ही भाषा पाठ आहे. २००६ ला खैरलांजीत चार माणसं मारली. २०१० ला हायकोर्टानं त्याला सूड म्हटलं. ॲट्रॉसिटी लागली नाही. जात गाळली की उरतं भांडण. वंश गाळला की उरते गुन्हेगारी. वर्ग गाळला की उरते भीती. गाळणी एकच आहे, दोस्तहो.

कुणी म्हणेल, अरे पण त्या वस्तीतल्या पोराला काम नाही, नळाला पाणी नाही, त्याचा राग खोटा आहे का? नाही. राग शंभर टक्के खरा आहे. पत्ता खोटा आहे. आणि तो पत्ता शब्दांनीच लिहून दिलाय. २०२१ ला सोवेटोत ऑपरेशन दुदुला निघालं. दुदुला म्हणजे रेटून हाकला. मुंबईनं हाच शब्द हटाव म्हणून ऐकलाय, लुंगीच्या पुढं लावलेला. हाकललं, मारलं, तरी खाणीचा मालक जागेवर, गिरणीचा मालक जागेवर.

तिथल्याच झोपडपट्टीवाल्यांची एक संघटना आहे, डर्बनची. अबाहलाली बासेम्जोंदोलो. नावाचा अर्थच झोपडीत राहणारे. मे २००८ च्या आगीतच त्यांनी पत्रक काढलं, की कृत्य बेकायदा असू शकतं, माणूस बेकायदा असू शकत नाही. प्रोफेसरांना जो शब्द सापडला नाही तो झोपडीला सापडला.

तेव्हा झेनोफोबिया हा शब्द फेकून द्या असं मी म्हणत नाही. कोर्टात, युनोत त्याचा उपयोग आहे, तेवढा करा. पण तो लिहिलात की पुढं चार गोष्टी लिहा. मारलं कुणी, मेलं कोण, निवडलं कशावरून, आणि फायदा कुणाचा झाला. ह्या चार ओळी नसतील तर तो शब्द म्हणजे मुडद्यावर टाकलेली चादर. चादर ओढा. तोंड बघा. नाव घ्या.