उष्टे आणि उरलेले

गेल्या वैशाखात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. सहाशे पानांची ऑर्डर होती, जेमतेम चारशे माणसे जेवली. हात धुवायला मागच्या बाजूला गेलो, तर आचाऱ्याची माणसे पातेली रिकामी करत होती. मसालेभाताच्या एका पातेल्यात तर डावही फिरला नव्हता. तो भात, दोन पराती जिलबी, बटाट्याची भाजी, वर मठ्ठा, सगळे एकाच निळ्या पिंपात. त्याच पिंपात ताटांतले खरकटेही पडत होते. कार्यालयाच्या भिंतीपलीकडे एक इमारत उभी राहत होती आणि तिथल्या मजुरांच्या चुली भिंतीवरून दिसत होत्या.

व्यवस्थापकाला विचारले. तो म्हणाला, "काका, बाहेर द्यायची सोय नाही. कुणाच्या पोटात दुखलं तर निस्तरायचं आम्ही. आणि पाचला रिसेप्शनची पार्टी येतेय." भांडी घासणाऱ्या बाईंजवळ एक रिकामा डबा होता. त्या म्हणाल्या, "न्यायला बंदी आहे. नेऊ दिलं तर उद्यापासून मुद्दाम जास्त करतील, असं मालक म्हणतात."

त्या पिंपाने तेव्हापासून माझा पिच्छा सोडलेला नाही. वर्षात बोलण्यासारखे पुष्कळ घडले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र तापला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यावर या अंकात लेख आहेत. पण सप्टेंबरात मराठवाड्यात सोयाबीन पाण्याखाली कुजत असल्याची छायाचित्रे पाहिली, तेव्हाही मला ते पिंपच आठवले. पावसापुढे शेतकऱ्याचे काही चालले नाही. त्या मांडवात आमचे सगळ्यांचे चालत होते.

मराठीत दोन शब्द आहेत, उष्टे आणि उरलेले. ताटात टाकलेले ते उष्टे. पातेल्यात राहिलेले, कुणाचा हात न लागलेले, ते उरलेले. आपल्या आजीने या दोहोंची गल्लत कधी केली नाही. उष्टे गाईच्या पाटीत जाई, उरलेले झाकून ठेवले जाई. आज नगरपालिकेच्या लेखी दोन्ही ओला कचराच. त्यापासून खत किंवा गॅस करा, एवढेच सरकार सांगते. 2016 च्या घनकचरा नियमांनी असेही सांगितले होते की, परवाना नसलेल्या जागी शंभरावर माणसांचा कार्यक्रम करायचा तर स्थानिक संस्थेला कामाचे तीन दिवस आधी कळवा आणि कचरा वेगळा करा. म्हणजे माणसे जमणार, अन्न उरणार, हे सरकारला आधीच ठाऊक असते. उरलेल्याचा कचरा होऊ न देण्याची जबाबदारी मात्र ते कुणावर टाकत नाही.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम 2019 मध्ये आले. अन्न कसे ठेवावे, कसे न्यावे, वेष्टनावर काय लिहावे, हे त्यांत आहे. नियम चांगले आहेत, पण ते ज्याला द्यायचे आहे त्याच्यासाठी आहेत. ज्याला द्यायचे नाही, त्याला कुणी विचारत नाही. मुंबईत डबेवाल्यांनी रोटी बँक चालवली, गावोगावी तरुण मुले रात्री दुचाकीवरून अन्न पोचवतात. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण कार्यालयाने फोनच केला नाही तर ती मुले काय करणार?

फ्रान्समध्ये हेच चालले होते. मोठी दुकाने न विकलेले अन्न फेकत आणि ते कुणी उचलून खाऊ नये म्हणून काही ठिकाणी त्यावर ब्लीच ओतत. पॅरिसजवळच्या कूर्बव्हाचे नगरसेवक अराश देरांबार्श यांनी याविरुद्ध मोहीम चालवली, दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. फेब्रुवारी 2016 मध्ये कायदा झाला. चारशे चौरस मीटरहून मोठ्या दुकानाने सेवाभावी संस्थेशी करार केलाच पाहिजे आणि खाण्याजोगे अन्न जाणूनबुजून नासवले तर दंड. मला यातला करार महत्त्वाचा वाटतो, कारण तो अन्न उरण्याच्या आधी झालेला असतो. दुपारी साडेतीनला, पातेले हातात असताना, दान सुचत नाही.

आपल्याकडे या विषयावर कायदा म्हटले की पाहुणे मोजण्याचीच कल्पना पुढे येते. साठ-सत्तरच्या दशकांत काही राज्यांत अतिथी नियंत्रणाचे आदेश होते. 2017 मध्ये खासदार रंजीत रंजन यांच्या खासगी विधेयकातही पाहुण्यांवर आणि पदार्थांवर मर्यादा होती. मला तो मार्ग मान्य नाही. मुलीच्या लग्नात कुणाला बोलवायचे आणि किती गोडाचे करायचे, हे तिच्या आईबापांनी ठरवावे. मागणी एवढीच आहे की ज्याच्याकडे शंभरावर पाने उठतात, त्या प्रत्येक कार्यालयाचा आणि केटररचा नोंदणीकृत संस्थेशी आधीच करार असावा. उरलेले अन्न गरम असतानाच झाकून द्यावे आणि उरले किती, त्याचे वजन वहीत लिहावे. शुद्ध हेतूने, काळजी घेऊन देणाऱ्याला कायद्याने अभय असावे. त्या व्यवस्थापकाची भीती खोटी नव्हती. जाणूनबुजून फेकणाऱ्याला मात्र दंड हवा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले साठ टक्के घराघरांतून. भारतातल्या घरांत माणशी वर्षाला 55 किलो. यात साली-देठही धरले आहेत, हे खरे. पण घरातल्या आईला रोज उपदेश करायचा आणि सहाशे पानांच्या स्वयंपाकघराला साधी वही ठेवायला सांगायचे नाही, हा न्याय मला कळत नाही.

या मागणीवर एक आक्षेप येतो, त्यापुढे मी नम्र आहे. "श्रीमंतांच्या मांडवातले उरलेले गरिबाला कशाला?" या महाराष्ट्रात उष्टे-शिळे खाऊन जगणे काही जातींच्या नशिबी लादले गेले होते. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी फेकलेले तुकडे नाकारायला सांगितले, ते याचसाठी. म्हणूनच मी हे कुणाच्या दयेवर सोडू म्हणत नाही. मागच्या दारी हात पसरायचा नाही. नोंद झालेले, झाकलेले, वेळेत निघालेले अन्न शाळेत, वसतिगृहात, मजुरांच्या वस्तीवर जावे. त्याच पातेल्यातला भात आम्हीही दुपारी खाल्लेला असेल.

अंकाचा विशेष विभाग यंदा 'शेजार' या विषयावर आहे. विषय ठरला तेव्हा मनात वाड्यातल्या वाट्या होत्या, रिकामी परत न जाणारी वाटी. लेख येत गेले तसतसे मला कार्यालयाची ती भिंत दिसू लागली. भिंतीपलीकडचा मजूरही शेजारीच.

तुळशीच्या लग्नानंतर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कार्ये आहेत. कार्यालय ठरवताना उरलेले अन्न कुठे जाईल, हे लेखी मागा. मिळालेले उत्तर, होकार असो वा नकार, नोव्हेंबरअखेरपर्यंत आम्हाला पाठवा. कार्यालयांची नावे न छापता ही उत्तरे आणि कायद्याचा मसुदा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी प्रत्येक आमदाराच्या हाती देऊ. मसुदा या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. त्यात काही सुधारायचे असेल, तर तेही कळवा.