साठला थरथरणारी जिप्सी

"आई, आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसतोय," लेक मागच्या सीटवरून म्हणाली.

गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर होतो. काटा साठवर. पन्नासला गाडी शांत, सत्तरच्या पुढे पुन्हा बरी, पण पंचावन्न ते पासष्टमध्ये पायाखालची फरशी, सीट आणि आरसा, सगळं थरथरायला लागायचं. स्टिअरिंग मात्र जवळजवळ स्थिर. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आम्ही ते ठेवलं नाही आणि चार टायरांचे पैसे घालवले.

गाडी आहे २०१२ ची मारुती जिप्सी, पेट्रोल. जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या गुरुग्रामच्या कारखान्यातच बनायची. हलकी, मजबूत, चारही चाकांना ताकद देणारी. रॅलीवाल्यांची लाडकी आणि फौजेचीही. माझे बाबा फौजेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, त्यामुळे घरी कार घ्यायची वेळ आली तेव्हा चर्चा अशी झालीच नाही.

आता तिची पंधरा वर्षं भरत आली. दिल्ली आणि आसपासच्या भागात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आहे, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन न देण्याचा नियम आला आणि काही दिवसांतच थांबवला गेला, मग न्यायालयाचे आदेशही बदलत राहिले. त्या अनिश्चिततेत बाबांनी निर्णय घेऊन टाकला. एनओसी काढायची, गाडी साताऱ्याला न्यायची आणि तिकडे नोंदवायची. ट्रकवर घालून नाही, चालवत. जवळपास दीड हजार किलोमीटर. वय अठ्ठ्याहत्तर, शेजारच्या सीटवर बसणार ते स्वतः.

म्हणजे थरथर शोधणं भाग होतं.

आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं. फरक नाही. मग नवे टायर. फरक नाही. मग एका वर्कशॉपने इंजिनाच्या खालची रबरी माउंटिंग बदलली, आणि तरीही नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "क्लच-प्लेट बदलके देख लेते हैं." हे 'देख लेते हैं' फार महागडं असतं. मी गाडी परत आणली.

बाबा म्हणाले, "सुटे भाग बदलणं बंद. आधी काय फिरल्यावर हलतं ते बघ."

रविवारी सकाळी सहा वाजता, रिकाम्या रस्त्यावर आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, साठच्या वेगावर एकदा चौथा गिअर आणि एकदा पाचवा. इंजिनाचा वेग बदलला, थरथर तीच. दुसरी, साठला क्लच दाबून गाडी नुसती धावू दिली. थरथर थोडी कमी, पण होती. म्हणजे इंजिन आणि क्लच दोघंही सुटले. तिसरी, आमच्या गाडीला पुढच्या चाकांवर फ्री-व्हील हब आहेत, ते मोकळे केले, म्हणजे टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फिरतच नाही. थरथर तशीच. उरला गिअरबॉक्सच्या मागचा भाग.

जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे बसवलेले असतात. मध्ये एक छोटा शाफ्ट, तिथून एक पुढे जातो, एक मागे. प्रत्येकाच्या टोकांना क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा तो सांधा, जो गाडी खड्ड्यात वरखाली झाली तरी शाफ्टला वाकू देतो.

इथे लेकीने फोन काढला. फोनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतोच, आणि कंपनं मोजणारी फुकट ॲप्स मिळतात. तिने फोन फरशीवर चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि वहीत हिशोब मांडला. टायरची एक फेरी म्हणजे सुमारे २.१ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला साधारण ८ वेळा फिरतं. शाफ्ट त्याच्या जवळपास चौपट, म्हणजे ३२ च्या आसपास. टायर दोषी असेल तर फोनवर ८ च्या जवळ उंचवटा दिसायला हवा. शाफ्टचं वजन एका बाजूला जास्त असेल तर ३२ जवळ.

उंचवटा आला ६४ च्या जवळ. बरोबर दुप्पट.

लेक गोंधळली, मीही. बाबा मात्र हसले. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढच्या भागाचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. ही खोड सतराव्या शतकात रॉबर्ट हूकलाही माहीत होती. तिच्यावरचा उपाय म्हणजे दोन्ही टोकांना क्रॉस लावायचे. पहिला जेवढी गडबड करतो तेवढी दुसरा परत घेतो. पण दोन अटी आहेत. दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे 'कान', म्हणजे क्रॉस धरणारे ते दोन काटे, एका रेषेत हवेत.

(आपली जीप उंच दिसावी म्हणून लांब शॅकल लावणाऱ्यांनी पहिली अट वाचून ठेवावी. शॅकल लांब झाली की मागचा ॲक्सल थोडा वळतो, डिफरन्शियलचं नाक वर होतं आणि कोनांचं गणित बिघडतं. आमची गाडी मात्र कंपनीच्याच उंचीची आहे.)

मग बाबांनी त्यांची वही आणली. फौजेतली सवय, गाडीत टाकलेल्या प्रत्येक लिटरची नोंद. गेल्या वर्षीच्या पानावर होतं: 'मागचा शाफ्ट उतरवून क्रॉस बदलला.' त्याखाली चारच दिवसांनी: 'साठला कंप.' त्याच आठवड्यात मी एका मोठ्या खड्ड्यात गाडी आपटली होती, म्हणून आम्ही सगळे टायरच्या मागे लागलो. वही कपाटातच होती. कुणी विचारलंच नव्हतं.

"बाबा, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तू टायर घेऊन आलीस, मग सांगितलंस."

ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, चाकांना अडण लावली, मग खाली शिरले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये, हे त्यांनी लेकीला दोनदा सांगितलं. आधी त्यांनी शाफ्ट हाताने पिळून बघितला. क्रॉस ढिला झाला असता तर तिथे 'टक' वाजलं असतं, टोपीभोवती तांबूस गंजाची पूड दिसली असती. तसं असेल तर एक दिवसही चालढकल नको, कारण वेगात क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडतो, आणि पुढचं टोक खाली आलं तर गाडीच उचलली जाऊ शकते.

आमचा क्रॉस ठणठणीत होता. नवाच तर होता! पण शाफ्टचे दोन तुकडे जिथे दातांवर एकमेकांत सरकतात, तिथे जोडताना दोन-तीन दात चुकले होते. कान तिरपे. मिस्त्रींनी लेकीला खाली वाकवून टॉर्चने दाखवलं. "देखो बेटा, ये कान इधर, वो कान उधर." उतरवण्याआधी खडूची एक रेघ दोन्ही तुकड्यांवर मारली असती तर हे झालंच नसतं.

शाफ्ट उतरवला, ओढून वेगळा केला, कान जुळवले, ग्रीस भरलं, परत लावला. चाळीस मिनिटं. पैसे विचारले तर त्यांनी ग्रीसचे तेवढे घेतले, आणि बाबांसोबत चहा.

संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता, काटा साठवर. फोनवर ६४ जवळची रेघ जवळजवळ सपाट. लेक मागे बसून आरशात ट्रक मोजत होती. एकच दिसला.

घरी आल्यावर बाबांनी वही उघडली. मी खांद्यावरून वाचलं: 'साठला कंप नाही. आरशाचा स्क्रू ढिला. साताऱ्यात बघणे.'