विश्लेषण : हरणाऱ्यालाच बक्षीस? 'एनबीए'च्या सोडतीचे गणित तळाच्या संघांना का नडते?

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल साखळी 'एनबीए'मध्ये २०२४-२५ च्या हंगामात युटा जॅझ संघाने ८२ पैकी अवघे १७ सामने जिंकले. ३० संघांत सर्वांत वाईट कामगिरी. नवे खेळाडू निवडताना कमकुवत संघाला झुकते माप मिळते, त्यामुळे पहिल्या निवडीची आशा त्यांना होती. मे २०२५ मध्ये सोडत निघाली आणि जॅझला पाचवा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक गेला ३९ सामने जिंकणाऱ्या डॅलस मॅव्हरिक्सला. त्यांची शक्यता होती फक्त १.८ टक्के! याच क्रमांकावर त्यांनी कूपर फ्लॅग हा त्या वर्षीचा सर्वांत चर्चेतला खेळाडू घेतला.

हा निव्वळ नशिबाचा खेळ, की नियमातच काही गोम आहे?

ड्राफ्ट म्हणजे काय?

आयपीएल किंवा प्रो कबड्डीत खेळाडूंचा लिलाव होतो. एनबीएमध्ये नवोदितांसाठी 'ड्राफ्ट' असतो. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. आपल्याला कोणता संघ हवा, हे खेळाडू ठरवू शकत नाही. मागच्या हंगामात जो मागे राहिला, त्याला निवडीत पुढे संधी, हे यामागचे तत्त्व. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात आणि मुख्य खेळाडू बहुतांश वेळ खेळतो. त्यामुळे एकच असामान्य खेळाडू संघाचे नशीब पालटू शकतो.

मग हरण्याचा मोह का होतो?

समजा, ऊर्जानगरच्या मैदानावर चंद्रपूर-गडचिरोलीतील संघांची कबड्डी साखळी स्पर्धा सुरू आहे. नियम असा, की यंदा जो तळाला राहील तो पुढच्या वर्षी नव्या दमाच्या मुलांतून पहिला चढाईपटू निवडेल. तुमच्या संघाचे पाच सामने उरले आहेत, बाद फेरीची आशा संपली आहे. मुख्य चढाईपटूचा गुडघा थोडासा दुखतो आहे. त्याला खेळवाल, की विश्रांती द्याल?

विश्रांती दिली तर कोणी बोट ठेवू शकत नाही. हरलात तर फायदा, जिंकलात तर तोटा. याला अमेरिकेत 'टँकिंग' म्हणतात. फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत २४६ पैकी केवळ ४७ सामने जिंकले. भविष्यातील निवडींसाठी आजचा संघ दुबळा ठेवण्याचे ते उघड धोरण होते. त्यातून जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स मिळाले, पण २०२५ पर्यंत संघ अंतिम फेरी गाठू शकला नाही.

सोडत कशी निघते?

महापालिकेच्या प्रभाग आरक्षणाची सोडत आपल्या ओळखीची आहे. तिथे प्रत्येक चिठ्ठीचे वजन सारखे असते. एनबीएत तसे नाही. बाद फेरी न गाठलेले १४ संघ सोडतीत असतात. यंत्रात १ ते १४ क्रमांकांचे चेंडू टाकून त्यातून चार काढतात. क्रम विचारात घेतला नाही, तर चार चेंडूंचे १,००१ संच होतात. एक संच बाद करून उरलेले १,००० संच संघांना कमी-जास्त प्रमाणात वाटले जातात. ज्याचा संच निघाला, त्याला पहिला क्रमांक. पहिले चार क्रमांक असे ठरतात. पुढचे क्रमांक कामगिरीच्या उलट क्रमाने दिले जातात.

सोडत १९८५ मध्ये सुरू झाली. त्याआधी दोन्ही विभागांतील तळाच्या संघांत नाणेफेक होत असे. तेव्हाही संघ मुद्दाम हरतात, ही तक्रार होतीच. १९८५ मध्ये सातही संघांना समान संधी होती. १९९० पासून कमकुवत संघांना जास्त वजन मिळाले. १९९३ मध्ये ६६ पैकी एकच संधी असलेला ऑर्लँडो मॅजिक जिंकला, तेव्हा तळाच्या संघाचा वाटा वाढवून २५ टक्के केला गेला. म्हणजे लंबक एकदा हरणाऱ्याला मदत करण्याकडे, तर एकदा मुद्दाम हरणाऱ्याला रोखण्याकडे झुकत आला आहे.

२०१९ मध्ये काय बदलले?

फिलाडेल्फियासारखे प्रकार थांबवण्यासाठी शक्यतांचा चढ सपाट केला गेला.

• शेवटून पहिला संघ : पहिल्या क्रमांकाची शक्यता २५ वरून १४ टक्के
• शेवटून दुसरा आणि तिसरा : त्यांनाही १४ टक्केच
• शेवटून सातवा : ४.३ वरून ७.५ टक्के
• शेवटून दहावा : १.१ वरून ३ टक्के

शिवाय पूर्वी सोडतीतून तीनच क्रमांक ठरत, आता चार ठरतात. त्यामुळे शेवटचा संघ आधी फार तर चौथ्या क्रमांकापर्यंत घसरायचा, आता पाचव्यापर्यंत घसरू शकतो. तशी शक्यता थोडीथोडकी नाही, ४७.९ टक्के आहे. सर्व शक्यता धरून सरासरी काढली, तर शेवटच्या संघाला आधी साधारण २.६ वा क्रमांक मिळायचा, आता ३.७ वा मिळतो.

मग तळाच्या संघांचे नशीबच फुटके?

२०१९ ते २०२५ या सात सोडतींत सर्वांत कमी सामने जिंकणाऱ्या संघाला एकदाही पहिला क्रमांक मिळाला नाही. शेवटच्या तीन वर्षांत, म्हणजे २०२३ आणि २०२४ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स आणि २०२५ मध्ये युटा जॅझ, तिघांच्याही वाट्याला पाचवाच क्रमांक आला. समाजमाध्यमांवर 'सोडत फिक्स आहे' अशी कुजबुज होणे स्वाभाविकच.

पण आकडेमोड करून पाहा. एका सोडतीत पहिला क्रमांक हुकण्याची शक्यता ८६ टक्के. सलग सात वेळा हुकण्याची शक्यता निघते सुमारे ३५ टक्के. म्हणजे तीनात एकदा घडू शकेल अशी गोष्ट. सलग तीनदा पाचवा क्रमांक मिळण्याची शक्यता ११ टक्के. दुर्मीळ, पण संशयास्पद नाही. नियमच असा आहे, की शेवटचा संघ बहुतेक वेळा निराश होणार.

टँकिंग थांबले का?

खरी गंमत इथे आहे. शेवटच्या तीन संघांना समान शक्यता दिल्याने 'सर्वांत वाईट' होण्याची शर्यत थंडावली. पण मधल्या संघांची हरण्याची किंमत कमी झाली आणि फायदा वाढला. शेवटून सातव्या संघाला पूर्वी सोडतीतून वर येण्याची संधी १५ टक्के होती, ती आता सुमारे ३२ टक्के आहे.

एप्रिल २०२३ मधले डॅलसचे प्रकरण पाहा. बाद फेरीच्या पात्रता सामन्यांत पोहोचण्याची त्यांची आशा अजून जिवंत होती. पण त्यांची त्या वर्षीची निवड पहिल्या दहाबाहेर गेली असती, तर जुन्या करारानुसार ती न्यूयॉर्क निक्सला द्यावी लागली असती. शिकागो बुल्सविरुद्ध डॅलसने कायरी अर्विंगसह अनेक खेळाडूंना बसवून ठेवले. ल्युका डॉन्चिचही दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच बाहेर आला. संघ हरला, निवड वाचली. साखळीने साडेसात लाख डॉलरचा दंड केला. मात्र मैदानात उतरलेले खेळाडू जिंकण्यासाठी खेळले नाहीत, असा ठपका ठेवला नाही.

म्हणजे मैदानावर घाम गाळणारा खेळाडू मुद्दाम हरत नाही. पराभव कार्यालयात ठरतो, कोणाला खेळवायचे नाही या यादीत. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला त्याची कल्पनाही नसते.

आपल्याकडे असे का होत नाही?

२०२२ आणि २०२४ मध्ये मुंबई इंडियन्स आयपीएलमध्ये तळाला होते. त्याबद्दल त्यांना लिलावात काहीही जादा मिळाले नाही. २०२५ च्या महालिलावासाठी सर्व संघांची खर्चमर्यादा सारखीच, १२० कोटी रुपये होती. प्रो कबड्डीत यू मुम्बा आणि पुणेरी पलटणसाठीही खर्चाची मर्यादा सर्वांएवढीच असते. हरण्यात फायदा नाही, म्हणून हरण्याचा मोह नाही. पण त्याचबरोबर खरोखर दुबळ्या संघाला हातही मिळत नाही.

पर्याय काय?

अमेरिकेतीलच महिलांच्या 'डब्ल्यूएनबीए'मध्ये दोन हंगामांची एकत्रित कामगिरी धरली जाते, त्यामुळे एका वर्षी हरून फारसे साधत नाही. महिलांच्या आइस हॉकी साखळीने, 'पीडब्ल्यूएचएल'ने, वेगळाच मार्ग काढला. बाद फेरीची आशा संपल्यावर जो संघ जास्त गुण मिळवेल, त्याला आधी निवड. लवकर बाद झालेल्या दुबळ्या संघाला त्यासाठी जास्त सामने मिळतात, पण बक्षीस मिळते ते जिंकल्याबद्दलच.

डेट्रॉइटची पुढची गोष्टही बोलकी आहे. २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने आणि एकूण ६८ सामने हरलेला हा संघ सोडतीत दोनदा घसरूनही पुढच्याच हंगामात ४४ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचला. त्याचा कणा होता केड कनिंगहॅम. हा मात्र २०२१ च्या सोडतीतूनच, पहिल्या क्रमांकावर मिळालेला. सोडतीने मदत केली, पण संघ उभा राहायला चार वर्षे लागली.

सोडतीची टक्केवारी कशीही बदला, हरण्याबद्दल काही ना काही मिळत असेल तोवर कोणीतरी हिशेब मांडणारच. २०१९ च्या बदलाने तो हिशेब मांडणारे संघ बदलले. त्याची किंमत मात्र प्रामाणिकपणे खेळून तळाला राहिलेला संघ मोजतो आहे.